वठलेला शेवगा आणि नदीवर दिलेला शब्द

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मागं उभे आहात त्यांनी पुढं येऊन बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत. वांगणीहून वहिनीच्या माहेरची माणसं आलीत, अंबरनाथच्या तिच्या शाळेतल्या बाई आल्यात, आपल्या बेलवलीतले शेजारी आलेत. माझ्या कारखान्यातले कारागीरसुद्धा आज मशीन बंद ठेवून आलेत. सगळ्यांचे आभार.

मी सुरेश. मालतीवहिनीचा धाकटा दीर. उल्हासनगरला, कॅम्प पाचला, माझा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. दिवसभर शिलाई मशिनींच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. त्यामुळं आवाज चढला तर चढला असंच समजा. सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही.

बोलणं मला अवघड जातंय. रडू येतं म्हणून नव्हे. ते घरी येतं, दादासमोर, म्हणजे तिच्या नवऱ्यासमोर, चहाचा कप ठेवताना येतं. इथं, या सोसायटीच्या हॉलमध्ये, मला राग येतोय. शोकसभेत रागवायचं नसतं, हे मलाही कळतं. पण वहिनीबद्दल खोटं बोलणार नाही, आणि तुमच्याबद्दलही नाही.

माझ्याआधी बरीच मंडळी बोलली. कुणी वहिनीला पक्षिमित्र म्हणालं. कुणी पाखरांची आई म्हणालं. आपले चेअरमन देशमाने साहेब तर म्हणाले, ‘मालतीताई म्हणजे आपल्या सोसायटीचं भूषण.’ साहेब, हे तुम्ही तिला जिवंतपणी एकदा तरी म्हणाला होतात का? उत्तर आत्ता नका देऊ. मी नुसतं विचारून ठेवतोय.

आणि हा माझ्यामागचा फ्लेक्स बघा. मधे वहिनीचा फोटो, आणि दोन्ही बाजूंना लालनिळा परदेशी पोपट. वर पांढरी कबुतरं. अहो, हा पोपट बेलवलीत कधी उतरला? वहिनीनं हे बघितलं असतं तर छापणाऱ्याला बोलावून त्याची शाळा घेतली असती. मास्तरीण होती ती. निवृत्त झाली तरी हातातला खडू सुटला नव्हता. ‘हा कुठला पक्षी? कुठं राहतो? काय खातो? नाही माहीत ना? मग छापलास कशाला?’ असं विचारलं असतं तिनं.

लांबून आलेल्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. या बिल्डिंगच्या मागं, पंपरूम आणि कंपाउंडच्या भिंतीच्या मधे, एक कोपरा आहे. ही सगळी जमीन एकेकाळी आमच्या बापाची, भाताची. आम्हीच ती बिल्डरला दिली, फ्लॅट घेतले, त्याची तक्रार नाही. त्या कोपऱ्यात बिल्डरला काही बांधता आलं नाही, तो तसाच राहिला. तो वहिनीनं धरला. तुम्ही बाग म्हणता तशी ती बागच नव्हती. करवंदाची जाळी, घाणेरीचं रान, जास्वंद, कढीपत्ता, खाली पाल्याचा जाड थर, आणि मधोमध एक वठलेला शेवगा. हिरवळ नाही, बाकडं नाही, कारंजं नाही.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीसुद्धा म्हणालो होतो, ‘वहिनी, हे काय रान माजवलंयस? साफ कर की.’ तर म्हणाली, ‘भावजी, तुमच्या कारखान्यातलं कापड कुणी झाडून बाहेर टाकलं, तर तुम्ही शिवाल काय?’ पाल्याखाली किडे, आणि किड्यांवर पाखरं. पाला उचलला की पाखरांच्या पुढ्यातलं ताट उचललं, असा तिचा हिशेब.

दाणे ती टाकायची नाही. आपल्यातले काही लोक पुण्य मिळवायला गच्चीवर बाजरी ओततात. वहिनी म्हणायची, ‘त्यानं कबुतरं वाढतात आणि बाकीचे निघून जातात.’ ती पाणी ठेवायची. मातीची उथळ परात, त्यात एक दगड, पाखराला पाय टेकायला. झुडपाच्या जवळ, पण अगदी खेटून नाही, नाहीतर आत मांजर दबा धरून बसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, तर परात ठेवली की पाठ फिरवायची आणि निघायचं. बघत उभं राहायचं नाही.

मी एकदा उभा राहिलो होतो. बुलबुलाचा व्हिडिओ काढायचा होता. फोन धरून धरून हात भरून आला, पण एक पाखरू खाली येईना. वहिनी खिडकीतून ओरडली, ‘अहो भावजी, तुम्ही त्याच्यावर डोळे रोखून उभे, वर हातात काहीतरी धरलंय. तुमच्यासमोर वाघ असा टक लावून बसला तर तुम्ही जेवाल का?’ मी वैतागून पाठ फिरवली आणि चालायला लागलो, तर मागं लगेच पाण्यात फडफड. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

वहिनी गोड बाई नव्हती. हे आज कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. तिला शिंपी पक्षी फार आवडायचा. इवलासा, पण पान वळवून कडा अशा शिवतो की माझ्या कारागिरांनी बघत राहावं. मला वाटलं, हा तर आपल्या धंद्याचा माणूस. मी कारखान्यातनं धाग्यांची पिशवी भरून आणली, त्याला मदत म्हणून. तिनं पिशवी उघडली आणि माझ्या अंगावर परत टाकली. ‘नायलॉनचे लांब धागे! पिल्लाच्या पायाला गुंडाळले की पाय जातो. तुम्हाला जीन्स कळते ना, तेवढंच करा.’ माझ्या बायकोसमोर बोलली हो. अशी होती. ज्याला त्याला तोंडावर बोलायची, आणि म्हणून तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ती नकोशी होती.

नाही म्हणू नका. मी इथं येत होतो, मला सगळं दिसत होतं.

भारद्वाजाचंच घ्या. करवंदाच्या जाळीत भारद्वाज राहतो. लाजरा पक्षी, उडतो कमी, झुडपाखालून चालतो. भारद्वाज दिसला की काम होतं, अशी आपल्याकडं श्रद्धा. त्यामुळं कुणाच्या मुलीचा इंटरव्ह्यू असला, कुणाकडं मुलगी बघायला येणार असले, की सकाळी वहिनीच्या दारावर बेल. ‘काकू, आज दिसला का हो भारद्वाज? खिडकीतून बघू का?’ वहिनी आत घ्यायची, चहा द्यायची, गप्प बसायला सांगायची आणि दाखवायची. आणि तीच माणसं महिन्याच्या मीटिंगला बसून म्हणायची, मागची जाळी तोडा, साप येतील. अहो, मग भारद्वाज राहणार कुठं? तुमच्या गॅलरीत? शकुन पाहिजे, जाळी नको, असं कसं चालेल?

मग देशमाने साहेबांची गाडी. साहेब, तुम्ही समोर बसलात, तर समोरच बोलतो. विणीच्या दिवसांत दयाळ पक्ष्याचा नर गाडीच्या आरशाशी भांडतो. आरशात त्याला दुसरा नर दिसतो, आपल्या हद्दीत घुसलेला. चोची मारतो, घाण करतो. साहेबांनी त्या घाणीचे फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘याला जबाबदार कोण?’ वहिनी खाली गेली आणि म्हणाली, ‘साहेब, आरशावर मोजा चढवा. थोडे दिवस. त्याला नर दिसला नाही की तो जाईल.’ साहेबांना ते अपमानासारखं वाटलं. चेअरमनच्या गाडीला मोजा! शेवटी दादाचे जुने मोजे घेऊन तीच रोज सकाळी चढवायची, आणि साहेब निघताना ते काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. दादाला मोजे उरले नाहीत. हसू नका. म्हणजे हसा, पण हे खरं आहे.

आणि त्या वठलेल्या शेवग्यावरनं तर काय काय झालं. ‘मेलेलं झाड आहे, पडेल, तोडा.’ प्रत्येक मीटिंगला हेच. वहिनी सांगून सांगून थकली, की ते मेलेलं नाही, तेच खरं भरलेलं आहे. मऊ, वठलेलं लाकूड लागतं तांबट पक्ष्याला. त्यानं त्यात भोक पाडलं. पुढं लाकूड कुजत गेलं, भोक रुंद झालं, आणि मग तिथं दयाळाची जोडी आली. दयाळ काही स्वतः भोक पाडत नाही, त्याला आयती ढोली लागते. वहिनीनं फांद्या छाटून घेतल्या, खोड दोरखंडानं भिंतीला बांधून घेतलं, पडायची भीती ठेवली नाही. तरी पुढच्या मीटिंगला तोच विषय. म्हाताऱ्या बाईला उभं करून, एकामागून एक, सगळे. दादा घरी आणून तिला पाणी द्यायचा. ती म्हणायची, ‘ही माणसं माझ्या वर्गातली असती तर मी यांना वळण लावलं असतं हो.’

तुम्ही तिला मारलं असं मी म्हणत नाही. तिचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण तिचे शेवटचे महिने या भांडणात गेले, आणि ते शांतपणे जाऊ शकले असते. एवढं मी म्हणणार. ते कुणी खोडून दाखवावं.

आता नदीवरचं सांगतो.

दहाव्याला आपण सगळे उल्हास नदीवर होतो. गुरुजींनी पिंड ठेवले. आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर, ओरडतायत, वाकून बघतायत, पण खाली एक येत नाही. ऊन चढलं. दादा जमिनीवर बसलेला. गुरुजी म्हणाले, ‘काहीतरी इच्छा राहिली असेल, शब्द द्या.’ मुलीनं शब्द दिला, ‘आई, मी बाबांना सांभाळीन.’ कावळा नाही. जावयानं शब्द दिला. कावळा नाही. तुम्ही सगळे जवळ जवळ सरकत होता. पिंडाभोवती कडं करून उभे. कुणाच्या हातात छत्री, कुणाचा फोन वर. सगळ्यांचे डोळे कावळ्यांवर.

मग लोक कुजबुजायला लागले, ‘तिचा जीव त्या कोपऱ्यात अडकलाय.’ सगळ्यांनी देशमाने साहेबांकडं बघितलं. आणि साहेब पुढं आले. हात जोडले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं, ‘मालतीताई, तुमच्या मागच्या कोपऱ्याला कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द, आणि सोसायटीचा शब्द.’ कमिटीच्या सगळ्यांनी मागनं हात जोडले.

मग मी म्हणालो, ‘झालं. आता नमस्कार करा, पाठ फिरवा आणि लांब त्या पायऱ्यांपर्यंत चला. मागं वळून बघू नका.’ तुम्ही गेलात. आणि कावळा आला. एक आला, मग दोन-तीन आले. बायका रडल्या. साहेबांचे डोळे भरून आले, मी बघितलं. त्याच दिवशी ग्रुपवर साहेबांचा मेसेज, ‘आज साक्षात अनुभव घेतला.’ खाली सगळ्यांचे जोडलेले हात.

आणि परवा, त्याच ग्रुपवर, दुसरा मेसेज आला. ‘कै. मालतीताईंच्या स्मरणार्थ मागील कोपऱ्याचे सुशोभीकरण. जागा सपाट करून पेव्हर ब्लॉक, लॉन, कारंजे, भिंतीवर रंगीत घरटी, ताईंच्या नावाची पाटी. उरलेल्या जागेत चार गाड्यांचे पार्किंग. काम शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू.’ खाली पुन्हा जोडलेले हात. तेच हात.

मी साहेबांना फोन केला. म्हणालो, ‘साहेब, नदीवर शब्द दिला होता.’ साहेब म्हणाले, ‘अहो सुरेशभाऊ, हात कुठं लावतोय? सुंदर करतोय. ताईंनाच आवडलं असतं.’

काय आवडलं असतं? भर उन्हाच्या भिंतीवर ठोकलेली प्लॅस्टिकची लाल-पिवळी घरटी? त्यात पिल्लू भाजून निघेल. लॉन? लॉनवर औषध मारणार, किडा मारणार, आणि मग पाखरांना बोलावणार. आणि वर तिच्या नावाची पाटी. ज्या बाईनं पाला उचलू दिला नाही तिच्या नावाखाली पेव्हर ब्लॉक! अहो, तिच्याशी भांडलात ते परवडलं. हे नका करू. तिचं नाव लावून नका करू.

आज सकाळी मी शेवग्याजवळ गेलो होतो. म्हणजे लांब उभा राहिलो, पाठ अर्धी फिरवून, तिनं शिकवलं तसा. दयाळाची मादी चोचीत अळी घेऊन आली. आधी भिंतीवर बसली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग ढोलीत गेली. आतनं पिल्लांचा आवाज आला. ती पिल्लं अजून उडण्याजोगी नाहीत. उद्या जागा सपाट करायचं मशीन आलं तर त्या शेवग्याबरोबर तीही जातील. हे मी तुम्हाला सांगून ठेवलंय. उद्या कुणी म्हणायचं नाही की आम्हाला माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी दादालासुद्धा सांगितलेली नाही.

नदीवर कावळा का येत नव्हता, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही कडं करून उभे होता म्हणून. फोन वर धरले होते म्हणून. डोळे रोखले होते म्हणून. कावळा हा फार सावध पक्षी. माणूस लांब गेला आणि पाठमोरा झाला की तो येतो. मी पहिल्याच मिनिटाला ‘मागं सरका’ म्हटलं असतं, तर पहिल्याच मिनिटाला आला असता. मी म्हटलं नाही. मुद्दाम. दादा उन्हात बसला होता, त्याचं मला वाईट वाटत होतं, तरी तोंड मिटून उभा राहिलो. मला साहेबांच्या तोंडून शब्द पाहिजे होता. तो मिळाला, आणि मग मी तुम्हाला मागं सरकवलं. वहिनीनं शिकवलेलं मी माणसांवर एकदाच वापरलं, ते असं.

कुजबुज चाललीये, ऐकू येतंय मला. साहेब, तुम्हालाही आता बरं वाटत असेल. म्हणजे चमत्कार नव्हताच! म्हणजे शब्द मोडला तरी चालेल! हो, चालेल. काही होणार नाही तुम्हाला. वहिनी कुणाच्या स्वप्नात येणार नाही. तसली बाई नव्हती ती, मेल्यावर लोकांना घाबरवणारी. कावळ्याला घाबरून शब्द दिला असेल, तर तो आता सुटला. मोकळे आहात तुम्ही सगळे.

पण मग मला सांगा, वहिनीला काय दिलं होतंत तुम्ही? तिच्या पिंडासमोर, तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या लेकीसमोर जे बोललात, ते कुणाला दिलं होतंत? कावळ्याला?

मी पाया पडून मागणार नाही. पाटीही नको, कारंजंही नको. तो कोपरा आहे तसा राहू दे. उद्याचं मशीन परत पाठवा. एवढंच मागणं आहे.

आता रिवाजाप्रमाणे दोन मिनिटं उभं राहून स्तब्धता पाळायची. पण आज माझी एक विनंती आहे. सगळ्यांनी उठू नका. नदीवर दिलेला शब्द आता, कावळा सोडून, नुसता माणूस म्हणून ज्याला पाळायचाय, त्यानंच उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. खुर्च्या चांगल्या आहेत. मी कुणाला नावं ठेवणार नाही, फक्त बघणार आहे.

मी उभाच आहे. माझे कारागीर उभे राहिले. वांगणीकर उभे राहिले. शाळेच्या बाई, तुम्ही या सोसायटीच्या नाही, तरी उठलात, तुमचे उपकार. दादा, तू बस रे, तुला भोवळ येते. बस म्हणतो ना. बरं, धर माझा हात, ऊठ.

मागच्या रांगेतल्या काकू उठल्या. कमिटीतले पाटकर उठले. जाळी तोडा म्हणणारे तुम्हीही उठलात? बरं वाटलं.

वहिनी, तुला शेवटचा नमस्कार.

आता कुणी बोलू नका. देशमाने साहेब, दोन मिनिटं अजून सुरू झालेली नाहीत. तुम्ही उठलात की सुरू करू. आम्ही थांबतो.